सहा वाट्या आणि नव्वद नंबरचं तेल

१२ ऑक्टोबर, रविवार. रक्कम एक हजार तीनशे चाळीस रुपये. हजर: चिखलीतल्या एका ऑइलच्या दुकानाचे मालक, माझे साडू आणि मी. हा व्यवहार पुरा व्हायला तीन तास दहा मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात त्या दुकानासमोरून मेहकरकडे एसटीच्या पाच गाड्या गेल्या. मी त्या मोजल्या, कारण मला तिथे दुसरं काम नव्हतं. अडतीच्या दुकानात मी चोवीस वर्षं हिशेब लिहितो आहे. वाढवून सांगायची सवय मला नाही. तरीही माझ्या साडूंइतका काळजी करणारा माणूस बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत दुसरा नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चिखलीत त्यांचं औषधांचं दुकान आहे, आणि औषधं विकणाऱ्याने जेवढी काळजी घ्यायला हवी त्याच्या साधारण आठपट ते घेतात. गोळ्यांच्या पाकिटावर ते जी सूचना लिहितात ती आधी गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात, मग गिऱ्हाइकाकडून वाचून घेतात, आणि गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की मागून ओरडून तिसऱ्यांदा सांगतात. एकदा एका म्हाताऱ्या बाबांना अर्धीच गोळी घ्यायची हे आपण सांगितलं की नाही, अशी शंका त्यांना बाबा गेल्यावर वीस मिनिटांनी आली. मी नेमका दुकानात बसलो होतो. दुकान माझ्यावर टाकून ते स्कूटरने स्टँडवर गेले. बस सुटायच्या बेतात होती. हे आत चढले, बाबांना हुडकलं. बाबा म्हणाले, "अर्धी म्हनून सांगतली न बाप्पा तुमी. तीनदा सांगतली." एवढं ऐकून समाधान होईपर्यंत बस स्टँडाबाहेर पडली होती आणि कंडक्टर काही थांबवेना. रीतसर तिकीट काढून ते पहिल्या थांब्यावर उतरले आणि परत चालत आले, कारण स्टँडवरच्या स्कूटरला कुलूप लावलं की नाही या विचारात मागून आलेल्या तीन जीपा त्यांना दिसल्याच नाहीत.

कुलपांचं प्रकरण तर स्वतंत्रच आहे. दुकान बंद करताना ते शक्यतो मला सोबत ठेवतात. रात्रीचं जेवण मी निम्मं केलेलं असतं तेव्हा फोन येतो. "साडभाऊ, तुम्ही होते न संगं? मी ओढून पाह्यलं न कुलूप?" मी हो म्हणतो. तेवढ्यावर भागत नाही. "किती खेपा?" मी म्हणतो, "सात." मी खरोखरच मोजलेलं असतं, म्हणून माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे त्यांचं मत एकच आहे: त्यांच्या बापाने दोन जावई शोधले ते एकाच दुखण्याचे, एकाला ते काळजीच्या रूपाने झालंय आणि एकाला आकड्यांच्या.

या बापाची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची, एक गाडी आहे. चौसष्ट सालची, करड्या रंगाची, गोल दिव्यांची; गेअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. आम्ही दोघे जावई सासऱ्यांना मामा म्हणतो. मामा साखरखेर्ड्याला राहतात, वय त्र्याऐंशी. नजर अधू झाल्यावर त्यांनी चार वर्षांपूर्वी गाडी साडूंकडे चिखलीला ठेवली, तीसुद्धा एका अटीवर. दरसाल भाऊबीजेला त्या गाडीने त्यांना सुलतानपूरला न्यायचं. तिथे त्यांची थोरली बहीण असते. तिला सगळं घर आक्का म्हणतं. आक्का अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. मामांनी स्वतःच्या लग्नाआधीपासून एकही भाऊबीज चुकवली नव्हती; आधी बैलगाडी होती, मग सायकल, मग एसटी आणि मग ही गाडी.

आणि ती भाऊबीज चुकली. गेल्या साली. चुकली ती माझ्या साडूंमुळे, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो.

झालं होतं असं की, गाडीचा दुसरा गेअर टाकताना करकर आवाज यायला लागला होता. साडू गाडी दर रविवारी फाटकापर्यंत नेऊन परत आणत. तेवढ्यात त्यांनी तो ऐकला. आमच्याकडचे जुने मिस्तरी, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी कान लावून निदान केलं. "तेल बिघड्या है. नव्वद नंबर डाल दो दोनो में, बात खतम." दोन्हीत म्हणजे गेअर बॉक्समध्ये आणि मागच्या चाकांच्या दांड्याच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, त्यात. दुसऱ्या कोणाची बात तिथे खतम झाली असती. साडूंची तिथे सुरू झाली. त्यांनी गाडीची जुनी पुस्तिका काढली, दुकानात बसून मोबाइलवर वाचलं, जुन्या गाड्या बाळगणाऱ्या कोणाकोणाला फोन केले. दिवाळी आली तरी तेल ठरेना. मग मीच बाजारात गेलो आणि पाच लिटरचा डबा आणला. नव्वद नंबर, सीलबंद, एक हजार सातशे पन्नास रुपये. म्हणजे लिटरला साडेतीनशे. सुटा लिटर चारशेच्या खाली मिळत नव्हता. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

साडूंनी चष्मा वर करून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि डबा जमिनीवर ठेवला. "साडभाऊ, नव्वद म्हंजे नुसता घट्टपना. जातीनं हे जीएल-पाच हाय. गेअर बॉक्साले चार पाह्यजे."

"मग बरंच झालं की. पाच चारापेक्षा मोठे."

"मोठे हायेत म्हनूनच नाही चालत." ते समजावून सांगायला लागले. गोळ्यातले दात एकमेकांवर दाबून घसरतात, त्यांना जालीम औषध लागतं. ते पाच नंबरात असतं. पण गेअर बॉक्समध्ये पितळी रिंगा असतात. दोन गेअर भेटताना त्यांची टक्कर होऊ नये म्हणून त्या रिंगा मध्ये पडतात, आणि ते जालीम औषध हळूहळू पितळेला खातं. "एका घरात दोन पेशंट हायेत. एकाचं औषध दुसऱ्याले पाजू काय मी? त्या रिंगा आता इकतही भेटत नाहीत. गेल्या म्हंजे गाडी गेली."

मी चिडलो. भाऊबीजेला एक दिवस राहिला होता. तुमच्या पितळेपायी म्हातारा माणूस खोळंबणार, असं मी बोललो, आणखीही बोललो, आणि डबा घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी मी माझी गाडी काढून साखरखेर्ड्याला गेलो. मामा सकाळी सातपासून कोट-टोपी घालून ओट्यावर बसले होते. माझी गाडी पाहून म्हणाले, "माही गाडी कुठं हाय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या गाडीनं नाही येत मी जवाईबुवा. राग नोका मानू. आक्काच्या दारात दुसऱ्याची गाडी पाह्यली का ते म्हनंन, बापूनं गाडी इकली, घरचं काही बरं दिसत नाही. दिवाळीच्या दिवशी कायले तिच्या जिवाले घोर?" फोनवर सांगू या म्हटलं, तर आक्कांना फोनवर ऐकू येत नाही. चार वाजता मामांनी टोपी काढून खुंटीला लावली. त्या दिवशी मी परत येताना रस्त्यात किती पूल लागले ते मोजले नाहीत. हे माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

यंदा श्रावणात आक्का न्हाणीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्या खाटेवरून धरल्याशिवाय उठत नाहीत. ही बातमी आली त्या संध्याकाळी साडू माझ्या घरी आले, पाणीही न पिता म्हणाले, "यंदा नेलं नाही तं मंग नाही." मी म्हटलं, "मग तेल ठरवा." ते म्हणाले, "तेच तं. चुकीचं ठरलं आन् रस्त्यात गाडी बसली तं? त्र्याऐंशी वर्सांचा मानूस मेहकरच्या रोडवर उन्हात उभा करू मी?" यंदा मी चिडलो नाही. त्या रात्री मलाही झोप लागली नाही, हे इथे नोंदवतो.

त्यानंतर साडूंनी जे केलं ते करणारा माणूस जगाच्या पाठीवर हाच. त्यांनी चिखली, मेहकर, खामगाव आणि अकोला इथल्या दुकानांतून सहा तऱ्हेच्या गेअर ऑइलचे नमुने खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांतून आणले. काही चार नंबर, काही पाच नंबर. सहावा नमुना त्यांनी माझ्याकडून नेला, माझ्या त्या डब्यातून. आता पितळ हवं होतं, आणि सहाही नमुन्यांना एकसारखं हवं होतं. नाही तर परीक्षा खोटी ठरेल. ताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, रुखवतात आलेल्या सहा पितळी वाट्या होत्या. एकाच साच्याच्या. प्रत्येकीवर ठिपक्या-ठिपक्यांनी 'आईकडून' असं नाव घातलेलं. आमच्या सासूबाई आता नाहीत, म्हणून ताई त्या वाट्या सणालाच काढतात. नवरात्र बसलं. ताईंचा नऊ दिवस उपास, त्यामुळे मोठा कुकर रिकामा. साडूंनी प्रत्येक वाटीत एकेक तेल ओतलं, वर झाकणं दाबून बसवली, खाली आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रोज पहाटे ताई देवळात गेल्या की तीन-तीन वाट्या कुकरमध्ये ठेवून बारा शिट्ट्या द्यायला सुरुवात केली. गेअर बॉक्स चालताना जेवढा तापतो तेवढा ताप कुकर देतो, असा त्यांचा हिशेब होता. शिट्ट्या मोजायला मी जात असे. कारण शिट्ट्यांच्या आकड्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता.

दसऱ्याला ताईंनी बासुंदी केली आणि वाट्या काढायला कपाट उघडलं. वाट्या सापडल्या त्या मागच्या न्हाणीत, फडक्यावर ओळीने पालथ्या. मी, माझी बायको आणि ताई, तिघेही तिथे होतो. ताईंनी पहिली उलटी केली, ती पिवळीधमक. दुसरी तशीच. तिसरीवर थोडी तांबूस छटा. चौथी तपकिरी. पाचवी काळपट. सहावी आतून तव्यासारखी काळी. ताईंनी ती उजेडाकडे धरली. म्हणाल्या, "माह्या मायच्या वाट्या."

"सहापैकी तीन चांगल्या हायेत," साडू हळूच म्हणाले.

"तुमाले तेलच उकळाचं होतं तं माहं डोकं होतं न! थे तं रोजच तापते!"

माझ्या बायकोला हसू आवरेना, म्हणून ती चिंचेचा कोळ आणायला आत गेली. मी मात्र सहाव्या वाटीखालची चिठ्ठी वाचत होतो. सहा नंबर. माझा डबा. लिटरला साडेतीनशे रुपये दराने मी विकत आणलेलं ते तेल. गेल्या साली साडूंनी माझं ऐकलं असतं तर वर्षभर ते गेअर बॉक्समध्ये असतं. ताईंनी ती वाटी चिंचेने घासली, राखेने घासली, लिंबाने घासली. 'आईकडून' मधला फक्त 'आई' उजळला, बाकी काळंच राहिलं. मी साडूंना म्हटलं, "माझं चुकलं." ते म्हणाले, "थे जाऊ द्या. पन साडभाऊ, कुकरचा ताप आन् गाडीचा ताप एकच असंल न नक्की?"

दोन नंबरची वाटी सगळ्यांत स्वच्छ निघाली होती, म्हणून तेच तेल घ्यायला आम्ही १२ तारखेला त्या दुकानात गेलो. काम खरं तर पाच मिनिटांचं होतं. साडूंनी डब्यावरची तारीख पाहिली, सील पाहिलं, मग दुसरा डबा मागून त्याचं सील पहिल्याशी ताडून पाहिलं. दुकानदार भला माणूस, पण त्यानेही माझीच चूक केली. "साहेब, जीएल-पाच काऊन नाही घेत? नवीन माल हाय, चारच्या वरचा." साडूंनी त्याला पितळी रिंगा समजावल्या, मग वाट्या समजावल्या, मग मोबाइलवर सहा वाट्यांचे फोटो दाखवले. दुकानदाराला ते इतकं पटलं की तो स्वतःच घाबरला आणि आपल्या जीपमध्ये काय घातलंय ते पाहायला गल्ल्यावरून उठून गेला. त्यात पाऊण तास गेला. शेवटी गेअर बॉक्सला चार नंबर दोन लिटर, चारशे पासष्ट दराने. गोळ्याला पाच नंबर एक लिटर, चारशे दहाला; माझा वर्षभर पडून राहिलेला डबा साडूंना गोळ्यालाही नको होता. डबे पिशवीत घालताना साडूंनी दोन्हींवर जाड अक्षरांत लिहिलं, 'पुढे' आणि 'मागे'. रस्त्याने घरी येईपर्यंत त्यांनी ती अक्षरं दोनदा वाचली.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी चाचा आले. गाडी सपाट जागी पाहिजे, नाही तर तेल कमीजास्त भरेल, म्हणून साडूंनी गाडीखालच्या फरशीवर परातीत पाणी ठेवून ते चारही बाजूंनी पाहिलं. चाचांनी खालचं बूच सोडायला पाना लावला, तोच साडू ओरडले, "चाचा, थांबा! आधी भरायचं बूच खोला!"

"अरे भाऊ, पहले खाली तो करने दो. भरना बाद में है."

"नाही, नाही. आधी वरचं. खालचं खोललं, तेल सांडलं आन् वरचं खुललंच नाही तं? मंग गाडी कोरडी राह्यली न!"

चाळीस वर्षांच्या कामात चाचांना असं कोणी शिकवलं नव्हतं. हसत हसत त्यांनी पाना वरच्या बुचाला लावला. गेअर बॉक्सचं बूच निघालं. गोळ्याचं निघालं नाही. पाना घसरला, हातोडी झाली, चाचांच्या बोटाला लागलं, दुसरा पाना आणला, तोही घसरला. चाचा हसायचे थांबले. खालचं बूच आधी सोडलं असतं तर गोळा रिकामा झाला असता आणि गाडी भाऊबीज होईपर्यंत तिथून हलली नसती. त्यांनी बुचाला डिझेलचं फडकं गुंडाळलं आणि रात्रभर तसंच ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका झटक्यात सुटलं. चाचा साडूंकडे पाहून एवढंच म्हणाले, "मान गये, मेडिकलवाले."

गेअर बॉक्सचं जुनं तेल पातेल्यात काढलं तेव्हा मात्र आम्ही तिघेही त्यावर वाकलो. उन्हात ते तेल चमकत होतं. सोन्याचा वर्ख चुरून टाकावा तसं. ते रिंगांचं पितळ होतं. पूर्वी कधीतरी कोणीतरी चुकीचं तेल भरलं होतं आणि गाडी निमूटपणे स्वतःला झिजवत होती. "कितना बचा है?" मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "वो तो खोलने पे ही पता चलेगा. और खोला, तो फिर दिवाली के बाद." साडूंनी रुमालाने तोंड पुसलं. उघडायचं नाही, असं ठरलं. नवं तेल भोकातून थेंब-थेंब बाहेर येईपर्यंत भरलं, बुचं लावली. मी सांगतो, बुचं प्रत्येकी नऊ वेळा तपासली गेली.

भाऊबीजेला आम्ही उजाडताना चिखलीहून निघालो. गाडी साडू चालवत होते, मी मागे. साखरखेर्ड्याला मामा ओट्यावर तयार होते. गाडी पाहून त्यांनी बोनेटवर हात फिरवला आणि पुढे जाऊन बसले. साखरखेर्डा ते सुलतानपूर अंतर चाळीसच्या आतबाहेर. साडूंनी पहिल्या दहा किलोमीटरांत दोनदा गाडी थांबवून, खाली वाकून गोळ्याला हात लावला. काचा बंद ठेवल्या, आवाज नीट ऐकू यावा म्हणून, आणि आम्हाला बोलायला मनाई केली. गेअर पडायचा आणि पाठोपाठ काहीच ऐकू यायचं नाही. थोड्या वेळाने तेच बोलले.

"साडभाऊ, करकर येत नाही."

"मग चांगलंच आहे की."

"पन काऊन येत नसंल? रिंगाच उरल्या नसतील तं?"

मामा समोर पाहत म्हणाले, "जवाईबुवा, आत्ता जे बैलगाडी आपल्याले मांगं टाकून गेली न, तिच्यात रिंगा असतीन. तिच्या मांगं मांगं घ्या."

मला हसू आलं. मेहकरच्या अलीकडे चढ आहे. तिथे चालत्या गाडीत दुसऱ्या गेअरवर उतरावंच लागतं. साडूंच्या मानेवर घाम दिसत होता. त्यांनी क्लच दाबला, दांडा खाली ओढला, आणि आम्ही तिघांनीही श्वास धरला. दांडा लोण्यात सुरी जावी तसा गेला. गाडी चढ चढली. मामा म्हणाले, "झालं न?" साडू म्हणाले, "अजून उतार हाय."

अकरा वाजता सुलतानपुरात पोचलो. आक्कांचं घर गावाच्या कडेला, मागे वांग्यांचा आणि मिरचीचा मळा. त्या ओसरीत खाटेवर लोडाला टेकून बसल्या होत्या, नेसणं इस्त्रीचं, नातसुनेने औक्षणाचं ताट पाटाजवळ ठेवलेलं. किती वर्षांनी पाहतोय असं मला वाटलं. दोन वर्षांत माणूस एवढा लहान होतो, हे मला माहीत नव्हतं. मामा पाटावर बसले. आक्कांना घरातल्या दोघींनी धरून पुढे आणलं. त्यांनी भावाकडे बराच वेळ पाहिलं.

"मागच्या साली काऊन नाही आला रे बापू?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

मामा मोठ्याने म्हणाले, "गाडीचं तेल बदलाचं राह्यलं होतं."

"वर्सभर?"

"हाव. वर्सभर."

आक्का हसल्या. दात नव्हते, पण हसणं पूर्ण होतं. त्यांनी हाताने ताट धरलं, ते हेलकावत होतं म्हणून नातसुनेने खालून आधार दिला, आणि भावाला ओवाळलं. मामांनी कोटाच्या आतल्या खिशातून पन्नासची नोट आणि एक रुपयाचं नाणं काढून ताटात ठेवलं. त्यांचा दर एक्कावन्न रुपयांचा आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून तो बदललेला नाही. मग त्यांनी पुन्हा खिशात हात घातला आणि आणखी एक पन्नासची नोट, आणखी एक नाणं ठेवलं. "हे मागच्या सालचे."

आक्का ताटाकडे पाहत म्हणाल्या, "आन् पुढच्या सालचेही देऊन ठेव. माहं काही खरं नाही आता."

मामांनी कोटाची गुंडी लावली. "पुढच्या सालचे पुढच्या साली. घेऊन येईन मी."

"येजो मंग," आक्का म्हणाल्या.

मी साडूंना शोधायला बाहेर आलो. ते गाडीजवळ उकिडवे बसले होते, गोळ्यावर हात ठेवून, नुसताच ठेवून, तपासत नव्हते. डोळे ओले होते. मला पाहून म्हणाले, "साडभाऊ, पुढच्या सालापर्यंत हे तेल चालंल न?" मी म्हटलं, चालेल. त्यांनी कधी नव्हे ते दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या दिवशी शेवटी दिले गेले ते एकशे दोन रुपये, मामांकडून आक्कांना. आगाऊ काही दिलं नाही.